छापाचित्राच्या कडा कापू नका

महोदय,

एचिंगचे, म्हणजे धातूच्या पत्र्यावर द्रावणाने कोरून कागदावर छापलेले, छापाचित्र फ्रेम करायला दिले, की नागपुरात बहुधा तीन गोष्टी होतात. पांढऱ्या कडा कापल्या जातात, कागद प्लायवर गोंदाने चिकटवला जातो आणि काच थेट चित्रावर बसते. तिन्हींनी होणारे नुकसान भरून निघत नाही.

एखाद्या समकालीन इटालियन कलावंताचे एकट्या माणसाचे एचिंग-अ‍ॅक्वाटिंट घ्या. आकृतीच्या रेघा मेणाच्या थरातून सुईने तांब्याच्या पत्र्यावर ओढून, धातू खाणाऱ्या द्रावणाने कोरलेल्या असतात. भोवतीचा काळोख मात्र राळेचा, म्हणजेच अ‍ॅक्वाटिंटचा. राळेची बारीक पूड पत्र्यावर बसू देतात, खालून आच देऊन कण चिकटवतात आणि फेरिक क्लोराईडचे द्रावण त्यांच्या मधल्या फटींतून तांबे खाते. आकृतीवर आधीच वार्निश लावलेले, म्हणून ती कागदाइतकी पांढरी राहते. फिकट करड्याला अर्धा मिनिट पुरतो, गर्द काळ्याला पंधरा-वीस मिनिटेही लागतात. दर छटेनंतर तेवढा भाग झाकायचा आणि पत्रा पुन्हा द्रावणात सोडायचा. राळ विरळ पडली तर पत्रा सलग खाल्ला जातो, छापण्याआधी पत्र्यावरची जादा शाई पुसताना सारी शाई निघून जाते आणि काळ्याच्या जागी मळकट करडा उमटतो. आच जास्त झाली तर कण वितळून एकजीव होतात, मग द्रावण आत शिरतच नाही. इतक्या कष्टाने साधलेला तो मखमली दाणा हेच या चित्राचे खरे वैभव.

छापताना ओला कागद पत्र्याच्या खाचांत दाबला जातो, त्यामुळे शाई किंचित वर उठलेली असते. पत्र्याच्या काठाचा दाबही कागदावर उमटतो. त्याखाली पेन्सिलने ७/३० (तीस प्रतींपैकी सातवी) असा आवृत्तीचा क्रमांक आणि सही असते; इटालियन प्रतींवर कधी ‘पी.डी.ए.’, म्हणजे ‘प्रोवा दार्तिस्ता’, कलावंताची प्रत. कडा कापल्या की हा सारा पुरावा गेला.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, घरात कूलरची ओली हवा खेळते आणि पाठोपाठ पावसाळा येतो. कागद फुगतो, आकसतो. चारही बाजूंनी चिकटवलेल्या कागदाला हलायला जागा नसल्याने तो सुरकुततो. काचेला टेकलेल्या चित्रावर ओल धरते, बुरशी येते, शाई काचेला चिकटते.

म्हणून फ्रेमवाल्याला स्पष्ट सांगावे : आम्लविरहित सुती माउंटबोर्ड (चित्रामागचा आणि भोवतीचा जाड पुठ्ठा) वापरा. चित्र फक्त वरच्या काठाला जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी, गव्हाच्या खळीने टांगा, सेलोटेप नको. काच आणि कागद यांत माउंटच्या जाडीचे अंतर ठेवा. लॅमिनेशन तर मुळीच नको. घरी चित्र कूलरच्या झोतात किंवा पावसाने भिजणाऱ्या भिंतीवर लावू नये.

शासकीय चित्रकला महाविद्यालय आणि दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र यांनी शहरातील फ्रेम कारागिरांसाठी याचा एक दिवसाचा प्रात्यक्षिक वर्ग पावसाळ्यापूर्वी घ्यावा, ही विनंती.

– छापाचित्र करणारे काही कलावंत, नागपूर