मंत्रीसाहेब, केक पचला का?

मा. मंत्रीसाहेब, नमस्कार.

नाताळात आमच्या चर्चमध्ये आला होता. केक कापला आणि माईकवरून म्हणालात, काम गेलेल्यांची यादी द्या, महिन्यात सगळ्यांचं रेशन चालू करतो. टाळ्या आम्हीच वाजवल्या, मी जरा जास्तच. यादी तीनदा दिली. परवा मंगळवारी विचारायला गेलो तर टेबलावरचे साहेब मान वर न करता म्हणाले, "इष्टांक संपलाय."

इष्टांक, म्हणजे रेशनचं धान्य किती माणसांना द्यायचं तो सरकारनं बांधून दिलेला आकडा, आता मला पाठ झालाय. 2011 च्या जनगणनेवर राज्यात 7 कोटी माणसांचं धान्य ठरलं, शहरात शंभरातल्या 45 जणांना, त्याच्यावर एक पण नाही. म्हणजे कुणीतरी मेल्याशिवाय नाहीतर कुणाचं नाव कापल्याशिवाय आमचा नंबर लागत नाही. 2011 ला माझा पोरगा जन्मलापण नव्हता, आता नववीला हाय आणि चार भाकरी एका बैठकीला खातोय.

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करायला होतो, 17 वर्षं. दिवाळीनंतर ऑर्डर नाही म्हणून दुसरी शिफ्ट बंद, कंत्राटी होतो म्हणून हातात काही नाही, छातीत भरलेली धूळ तेवढी बरोबर आली. वय 46, कोण घेणार? उद्यमनगरात दारोदार फिरलो, सगळीकडे "फोन करतो". उत्पन्नाचा दाखला काढला तर तो गेल्या वर्षीचा, 1 लाख 92 हजार, आणि शहरातली मर्यादा 59 हजार, ती पण वर्षाला! महिन्याला पाच हजाराच्या आत. गेल्या वर्षीचा पगार ह्या वर्षी शिजवून खाऊ का साहेब? लाडक्या बहिणीला अडीच लाखापर्यंत गरीब धरता आणि तिच्याच घरात फुकट तांदूळ द्यायचा म्हटलं की 59 हजार. आमदारांना पेन्शन महिन्याला 50 हजार म्हणतात, ते कुठला दाखला जोडतात?

तोपर्यंत आमचं चर्च 62 घरं बघतंय. 5 किलो तांदूळ, 2 किलो डाळ, तेल, पोहे, कांदा-लसूण चटणी. दानार्पणाच्या वेळी लोक पाकिटाबरोबर डाळीच्या पुड्या पण ठेवायला लागलेत, मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्यानं गुळाचे चार रवे पैसे न घेता दिले, महिला मंडळ शनिवारी रात्री अकरापर्यंत पिशव्या भरतंय. मी पण भरतो. आणि माझी पिशवी अंधार पडल्यावर नेतो, पोराच्या मित्रांनी बघायला नको म्हणून. 2019 च्या महापुरात ह्याच हॉलात मी लोकांना भात वाढत होतो हो!

वर तुमचाच एक कार्यकर्ता मोबाईल घेऊन आला, शूटिंग करत विचारतोय, धर्म बदलायला देताय का? 62 घरांत ख्रिस्ती 14. बाकीची कोण ते विचारायचं आम्हाला सुचलं नाही, भूक लागलेल्याची जात तुम्ही लोक बघता. पाळकसाहेबांनी त्याला चहा पाजला, मी असतो तर पाजला नसता. आणि आनंदाच्या शिध्याच्या पिशवीवर फोटो छापताना नाही का कुणी विचारलं, हे कशासाठी देताय म्हणून? ती पिशवी आमच्याकडं आहे अजून, ही त्यात धुण्याचा साबण ठेवते.

यादी चौथ्यांदा जोडलीय, 41 नंबरला मी. झेरॉक्सचे 34 रुपये पण चर्चनंच दिलेत.

आपला,
एक बसलेला फौंड्री कामगार, कोल्हापूर