वनस्पतिजन्य दंतलेपांची चाचणी खान्देशात व्हावी

मा. संपादक महोदय,

दुधाच्या दाढेतली कीड आत 'नसेपर्यंत' म्हणजे दंतमज्जेपर्यंत गेली, तरी बऱ्याचदा ती दाढ वाचवता येते. मज्जेचा वरचा भाग काढून, ओल्या कापसाच्या बोळ्याने दाबून रक्त थांबवायचे आणि मुळांतल्या जिवंत मज्जेवर औषधी लेप ठेवून दाढ बंद करायची, असा हा उपचार आहे. शिरपूर परिसरात दंतवैद्यकी करताना मात्र "काढी टाका, डॉक्टर" हेच मी पालकांकडून अधिक ऐकतो. मागची दुधाची दाढ दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत पक्क्या दाताची जागा राखते, हे पटूनही खर्चापुढे ते हतबल असतात.

या उपचारात मज्जेवर लावण्यासाठी अनेक दशके वापरलेल्या फॉर्मोक्रेसॉल या औषधात फॉर्माल्डिहाइड असते आणि त्याला 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरवले. त्याऐवजी वापरले जाणारे एमटीए (मिनरल ट्रायऑक्साइड ॲग्रिगेट) हे दंतसिमेंट उत्तम, पण महाग आहे. म्हणूनच हळद, कोरफड यांच्या लेपांवर देशातील दंत महाविद्यालयांत होत असलेले संशोधन मला मोलाचे वाटते.

तथापि, लेप वनस्पतीचा आहे एवढ्यावरून तो निर्धोक ठरत नाही. लवंगेतले युजेनॉल झिंक ऑक्साइडबरोबर दातांत सर्रास वापरले जाते, पण तेच उघड्या जिवंत मज्जेला लागले तर तिचा दाह होतो. हळदीतले कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, दाताला पिवळा डाग पाडू शकते आणि त्याचे प्रमाण हळदीच्या जातीनुसार बदलते. कोरफडीचा ताजा गर तर लवकर खराब होतो. शिवाय लेप ओलसर जागी घट्ट बसला पाहिजे आणि एक्स-रेमध्ये दिसला पाहिजे. तेव्हा किडलेल्या दाढेत घरची हळद किंवा लवंगेचे तेल भरून कोणीही वेळ काढू नये, ही कळकळीची विनंती.

जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आणि परिसरातील दंतशिक्षण संस्था यांनी एकत्र येऊन प्रमाणित घटकांचा असा लेप तयार करावा, चाचणीची रीतसर नोंदणी करून त्याची तुलना एमटीएशी करावी आणि किमान दोन वर्षे एक्स-रे काढून मुलांची तपासणी करावी. पालकांना संमतिपत्र अहिराणीत, पावरीत समजावून द्यावे. फसलेल्या दाढांची नोंदही प्रसिद्ध व्हावी. कसोटीला उतरलेला लेप शासनाने ग्रामीण रुग्णालयांतून मोफत द्यावा.

– एक दंतवैद्य, शिरपूर, जि. धुळे