ऊन काचेबाहेर अडवा, आउटडोअर युनिट मोकळे ठेवा

महोदय,

उन्हाळा तोंडावर आला की एसीची वीज कशी वाचवावी याच्या सूचना सगळीकडे छापून येतात. त्यांत एक हमखास असते : आउटडोअर युनिटवर ऊन पडू देऊ नका, त्यावर छप्पर करा. ती वाचून लोक युनिटभोवती पत्र्याची पेटी बसवतात, ताडपत्री बांधतात, आणि ज्या खिडकीतून दुपारभर ऊन आत येते ती मात्र तशीच उघडी राहते. एसी बसवण्याच्या आणि दुरुस्तीच्या कामात असलेल्या आमचे स्पष्ट मत आहे की या सूचनेने फायद्यापेक्षा तोटा जास्त होतो. त्यामागचा हिशेब मांडण्यासाठी हे पत्र.

दीड टनाचे यंत्र पूर्ण क्षमतेने चालताना खोलीतून साधारण सव्वापाच किलोवॅट उष्णता उचलते. कॉम्प्रेसरची वीज त्यात मिळवली की बाहेरच्या कॉइलला (गॅस वाहणाऱ्या नळ्यांच्या जाळीला) साडेसहा ते सात किलोवॅट उष्णता हवेत सोडावी लागते. युनिटच्या पत्र्यावर थेट ऊन घेणारा भाग फार तर अर्धा-पाऊण चौरस मीटर, त्यातून रंग फिका. त्यामुळे पत्रा शोषतो ती उष्णता दीडशे-दोनशे वॅटच्या आसपास. पंखा दर सेकंदाला निदान अर्धा घनमीटर हवा ओढतो. एवढ्या हवेत दोनशे वॅट मिसळले तरी तिचे तापमान अर्ध्या अंशानेही वाढत नाही. सावलीने होणारी बचत त्यामुळे जेमतेम एक-दोन टक्के असते.

पेटीत कोंडलेल्या युनिटची गत वेगळी. समोरून फेकलेली गरम हवा वळून पुन्हा मागच्या बाजूने आत ओढली जाते. कॉइलवर येणारी हवा पाच अंशांनी तापली की प्रत्येक अंशामागे दोन-तीन टक्के वीज जास्त लागते, शिवाय गारवाही घटतो. यंत्राची छापील क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते, हे लक्षात ठेवावे. बाहेर ४२ अंश आणि पेटीत ४८ असतील तर गॅसचा दाब इतका चढू शकतो की ओव्हरलोड, म्हणजे जास्त भार आल्यावर तोडणारी संरक्षक कळ, कॉम्प्रेसर बंद पाडते. ऐन दुपारी यंत्र थांबते, संध्याकाळी आपोआप चालू होते, आणि गॅस कमी झाला असे समजून विनाकारण गॅस भरला जातो. त्याने दाब आणखी वाढतो.

म्हणून युनिटच्या मागे किमान १५ सेंटिमीटर, शक्य तर ३०, आणि समोर निदान १ मीटर जागा मोकळी हवी. शोभेसाठी लावलेल्या दाट पट्ट्यांच्या जाळ्या तर काढूनच टाकाव्यात. छप्पर करायचेच असेल तर ते युनिटपासून अर्धा मीटर वर असावे आणि चारही बाजू उघड्या असाव्यात.

उन्हाने आउटडोअर युनिटचे खरे नुकसान दोन ठिकाणी होते, आणि त्यांकडे कोणी पाहत नाही. एक, गच्चीवर थेट जमिनीला टेकवलेले युनिट. काळपट पृष्ठभाग भर उन्हात ६० अंशांच्या वर जातो आणि त्याला लागून असलेली तापलेली हवा यंत्र ओढते. ३० ते ४५ सेंटिमीटर उंचीचा स्टँड एवढा त्यावर उपाय. दुसरे, तांब्याच्या पाइपांवरचे काळे फोमचे वेष्टन. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते काही वर्षांत कडक होऊन तडकते, मग चुऱ्यासारखे गळून पडते. स्प्लिट एसीत सहसा जाड आणि बारीक दोन्ही पाइप थंड असतात, म्हणून दोन्हींना वेगवेगळे वेष्टन लागते. उघडा पडलेला पाइप वाटेतच गारवा गमावतो आणि त्याच्यावर पाणी धरून भिंत ओली होते. वेष्टनावर ऊन सोसणारी टेप गुंडाळावी किंवा पाइप प्लॅस्टिकच्या पट्टीत झाकावेत. खर्च किरकोळ आहे, फक्त बसवतानाच करून घ्यायला हवे.

आता खिडकी. पश्चिमेच्या काचेवर उतरत्या उन्हात दर चौरस मीटरला ६०० वॅट सहज पडतात. ३ मिलिमीटरची साधी काच त्यातले सुमारे ८५ टक्के आत सोडते. म्हणजे २ चौरस मीटरच्या एका खिडकीतून एक किलोवॅट उष्णता आली. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट; पाव टनाहून जास्त क्षमता एका खिडकीने खाल्ली. ऊन काचेतून येते, आतल्या वस्तू तापवते, पण तापलेल्या वस्तूंतून निघणारे उष्णकिरण काचेतून थेट बाहेर जाऊ शकत नाहीत. आतला पडदा याच कारणाने तोकडा पडतो : तो तापतो तो खोलीतच. काचेच्या बाजूला पांढरे अस्तर असलेला पडदा अंदाजे तिसरा हिस्सा उष्णता परतवतो, त्याहून जास्तीची अपेक्षा धरू नये. तेच ऊन काचेबाहेर चिक, उघडझाप करता येणारी झडप किंवा दाट शेडनेट लावून अडवले तर तीन चतुर्थांशापर्यंत उष्णता बाहेरच राहते. नेट काचेला चिकटवू नये. १०-१५ सेंटिमीटर अंतर ठेवावे, म्हणजे मधली गरम हवा वर निघून जाते.

पश्चिमेला आणि पूर्वेला छज्जा वाढवून फारसे साधत नाही. सूर्य खाली असतो, ऊन छज्ज्याखालून सरळ आत शिरते. तिथे उभा आडोसा हवा. उत्तर गोलार्धात दक्षिणेच्या खिडकीला मात्र उन्हाळ्यात लहानसा छज्जा पुरतो, कारण दुपारचा सूर्य उंच असतो.

काचेवरच्या फिल्मबद्दल एक इशारा. जितकी काळी तितकी थंड, हा समज चुकीचा आहे. उन्हातली जवळजवळ निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. साधी काळी फिल्म उजेड कमी करते, स्वतः तापते आणि त्यातली काही उष्णता आतच देते. घेताना एकूण सौरऊर्जा किती टक्के अडते तो आकडा विचारावा. दुहेरी किंवा लॅमिनेटेड (मध्ये प्लॅस्टिकचा थर घालून चिकटवलेल्या) काचेवर उष्णता शोषणारी फिल्म लावली आणि अर्ध्या काचेवर सावली पडत असली, तर असमान तापून काच तडकू शकते.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा मोठा शत्रू छत. १५ सेंटिमीटरच्या काँक्रीट स्लॅबमधून उष्णता खाली यायला चार-पाच तास लागतात, म्हणून ऊन गेल्यावरही खोली तापतच राहते. रात्री नऊला छताला हात लावून पाहावा. आतल्या भिंतीपेक्षा ते स्पष्ट गरम लागले तर खर्च आधी गच्चीवर करावा, नव्या एसीवर नंतर. नवा पांढरा लेप ८० टक्क्यांच्या आसपास ऊन परतवतो, जुने करडे काँक्रीट जेमतेम ३०. लेपाआधी गच्ची घासून धुवावी, भेगा बुजवाव्यात, पूर्ण वाळू द्यावी, मग एकमेकांना आडवे असे दोन हात मारावेत. धूळ बसली की परिणाम उतरतो, म्हणून दर उन्हाळ्याआधी धुणे आवश्यक. कायमचा उपाय हवा असेल तर ५ सेंटिमीटरचा फोम स्लॅबच्या वर, त्यावर संरक्षक थर. उष्णता रोखण्यात एवढा फोम दोन मीटर काँक्रीटच्या तोडीचा असतो. तो स्लॅबच्या खाली लावला तरी खोलीला फायदा होतो, पण स्लॅब रोज तापून प्रसरण पावतच राहतो आणि भेगांतून गळती सुरू होते.

छत तापलेले असताना एसी २४ वर ठेवूनही उकडते, याचे कारण एसी हवेचे तापमान मोजतो, शरीराला मात्र भोवतालच्या पृष्ठभागांची धगही जाणवते. मग लोक रिमोट १८ वर नेतात. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या यंत्रात त्याने खोली लवकर थंड होत नाही, फक्त कॉम्प्रेसर थांबेनासा होतो. काही रिमोटमध्येच तापमानाचा सेन्सर असतो. ती सोय चालू असताना रिमोट उन्हात पडला, तर यंत्र चुकीच्या तापमानामागे धावते.

दोन-तीन तासांच्या उन्हासाठी मोठा एसी घेणे हाही तोट्याचा व्यवहार. साधे मोठे यंत्र उरलेला सगळा वेळ चालू-बंद होत राहते, हवेतली ओल पुरेशी काढत नाही आणि खोली थंड पण दमट राहते. म्हणून खरेदीआधी खोलीच्या क्षेत्रफळाबरोबर काचेची दिशा, तिचे माप आणि वर उघडी गच्ची आहे का, हे विक्रेत्याला सांगावे. आडोसा आणि लेप करायचा असेल तर तो आधी करावा आणि टनाचा हिशेब त्यानंतर मांडून घ्यावा.

– वातानुकूलन क्षेत्रातील तंत्रज्ञ