छाटणीआधी एवढं वाच

पुणे, सप्टेंबर

प्रिय सुहास,

काल फोनवर तुझा आवाज ऐकून फार बरं वाटलं. जीभ आता अडखळत नाही, मूठ आवळता येते, जिना चढतोस. पण मग म्हणालास, द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीला स्वतः गाडी घेऊन तासगावला जाणार, ऑटोमॅटिक बुकसुद्धा केलीय. माझी झोपच उडाली. वहिनी शेजारी होत्या म्हणून तेव्हा बोललो नाही.

तुझा हिशेब मला कळतो. आपल्या दोघांचाही पक्षाघाताचा झटका मेंदूच्या उजव्या बाजूचा, त्यामुळे लुळी पडली ती डावी बाजू. गिअर डाव्या हाताला, क्लच डाव्या पायाला. ऑटोमॅटिक घेतली की दोन्ही कटकटी मिटल्या. पण हात-पाय हा यातला सोपा भाग आहे रे.

घरी आल्यावर सुरुवातीला माझ्या ताटाची डावी बाजू तशीच राहायची. भाजी, आमटी संपायची. चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड जागच्या जागी. नीलिमाला वाटायचं, तोंडाची चव गेली. आणि मी तिलाच विचारायचो, आज कोशिंबीर नाही का केलीस? डोळे शाबूत, चष्म्याचा नंबर तोच. मेंदूच डावीकडची दखल घेत नव्हता. रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी चांदण्या छापलेला कागद दिला, लहान चांदण्यांवर रेघ मारा म्हणाल्या. मी मारल्या आणि झालं म्हणून पेन खाली ठेवलं. डावीकडच्या एकाही चांदणीला हात लागला नव्हता. त्यांनी कागद उजवीकडे सरकवला तेव्हा कुठे त्या दिसल्या.

असा मेंदू घेऊन सांगली-तासगाव रस्त्यावर काय होईल सांग. डावीकडून घुसणारी मोटारसायकल, उभ्या एसटीतून उतरणारी माणसं, कडेने चाललेली शाळेची पोरं. आपल्याला दिसत नाहीये हेच मुळी कळत नाही, मला भीती त्याची वाटते.

ब्रिटनमध्ये झटक्यानंतर निदान महिनाभर गाडी चालवायची नाही असा नियम आहे, ट्रक-बसवाल्यांना वर्षभर. पण महिना उलटला म्हणजे परवानगी मिळाली असं तिथेही नाही. तब्येत तेवढी सुधारलेली लागते. आपल्याकडे लायसन्सच्या नूतनीकरणाला डॉक्टर फॉर्म १-ए भरून देतात, पण त्यात ही चांदण्यांची परीक्षा नसते. ती आपण होऊन मागायची. शिवाय डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पेरिमेट्री करून घे. समोर बघत राहायचं आणि कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं, म्हणजे नजरेचा कुठला कोपरा गेलाय ते कळतं. आणि मध्ये कधी फिट आली असेल तर न्यूरॉलॉजिस्टपासून लपवू नकोस. तसं असेल तर यंदा गाडीचा विषयच काढायचा नाही.

मी परत चालवायला लागलो तो डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत. शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो ना, त्याचा मोठा धीर होता. आधी मोकळं मैदान, मग कॉलनीतले रस्ते. रात्री आणि पावसात अजूनही नाही. दर चौकात मान मुद्दाम डावीकडे वळवतो. अर्ध्या तासाने डोकं जड होतं, तेव्हा सरळ गाडी बाजूला घेतो.

यंदा छाटणीला ड्रायव्हर ठेव. बागेत तू उभा असलास की झालं, गाडी कोणी का चालवेना. डॉक्टरांची वेळ घेऊन मला कळव, मी आदल्या रात्रीच्या गाडीने येतो. तपासणीला दोघं मिळून जाऊ. आणि हे पत्र वहिनींनाही वाचून दाखव.

तुझा,
अवी