तियांचे डोक्यावरचे कापड

आदरणीय तिया,

रिओत सांबाच्या मंडळांतील वयस्कर बायकांना सगळेच 'तिया' म्हणतात, म्हणजे आपल्याकडची मावशी. दुसऱ्या नावाने तुम्हाला हाक मारणे मला कधी जमलेच नाही. तुम्हाला मराठी येत नाही, तरीही हे पत्र मी मराठीतच लिहिते आहे, कारण उपकाराविषयी बोलू लागले की मला मायबोलीच सुचते. भेटीत ते तुम्हाला पोर्तुगीजमध्ये सांगेनच.

आमच्या वस्तीतील मुलांचा शनिवारचा नाच-वाद्यांचा वर्ग बंद पडायच्या बेतात होता. ज्यांनी वर्षाचा खर्च उचलण्याचा शब्द दिला होता, त्यांनी मुलांना ओळीने उभे करून छायाचित्रे काढून नेली आणि पैसे देण्याची वेळ आल्यावर फोन उचलणे सोडले. 'ते कधी येणार?' असे मुले दर शनिवारी विचारत राहिली. त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. तुम्ही कसलाही शब्द दिला नाहीत. सगळे ऐकून घेतलेत आणि २ डिसेंबरला, राष्ट्रीय सांबा दिनाच्या संध्याकाळी, आपल्या मैत्रिणी व वादक यांना घेऊन, एक पैसाही न घेता आमच्या मदतीच्या कार्यक्रमाला उभ्या राहिलात.

नाच सर्वांनी पाहिला. मला सांगायचे आहे ते पडद्यामागचे.

नऊ वर्षांचा एक मुलगा त्या दिवशी सुर्दू वाजवणार होता. सुर्दू म्हणजे सांबातला सर्वांत मोठा, खर्जातला ढोल; दुसऱ्या मात्रेवरचा त्याचा ठोका हुकला, तर तांबोरीम, कुईका, पांदेइरू सगळीच वाद्ये भरकटतात. ऐन वेळी ढोलाचा पट्टा तुटला आणि पोर रडकुंडीला आले. आम्ही मोठी माणसे दोरी शोधत सैरावैरा धावत होतो. तुम्ही मात्र त्या घेरदार घागऱ्यानिशी जमिनीवर बसलात, आरशासमोर तासभर खपून बांधलेले डोक्याचे पांढरे, कांजी केलेले कापड सोडलेत, त्याला पीळ घालून ढोलाच्या कडीत ओवलेत, मुलाच्या खांद्यावरून घेऊन गाठ मारलीत. पुण्यात पथकात असताना मीही कापडानेच ढोल कमरेला बांधत असे, त्यामुळे ती गाठ जाणत्या हाताची आहे हे मला लगेच दिसले. मग त्याच्या छातीवर तळव्याने हलकेच ठोका दिलात, पुन्हा दिलात, त्याचा श्वास त्या लयीवर येईपर्यंत देत राहिलात. बोलला काहीच नाहीत.

बायानाच्या, म्हणजे बाहियाच्या बाईच्या, तुम्ही घातलेल्या वेशात डोक्यावरच्या कापडाचा मान केवढा, हे मला नंतर कळले. ब्राझीलच्या ईशान्येकडील बाहिया प्रांतातून रिओत आलेल्या ज्या बायकांची ती आठवण आहे, त्यांच्यापैकीच तिया सियाता. विसाव्या शतकाच्या आरंभी, पोलिसांचा ससेमिरा असताना, रिओतल्या प्रासा ओंझी या चौकाजवळच्या त्यांच्या घरात सांबाला आसरा मिळाला. असा मान एका पोरासाठी बाजूला ठेवून, भरलेल्या सभागृहापुढे तुम्ही पिकल्या केसांनी, उघड्या डोक्याने गिरक्या घेतल्यात. सांबाच्या मंडळाला इथे 'शाळा' म्हणतात, ते मला त्या रात्री पटले. गायिका आल्सिओनी यांनी १९८७ मध्ये मांगेइरा या सांबा-शाळेची खास मुलांसाठीची शाळा, 'उद्याची मांगेइरा', उभी केली, ती याच भावनेने केली असेल असे मला वाटते. पुढच्या पिढीला आपल्या अंगावरचे काढून देणारी अशी माणसे या शहरात आहेत, म्हणूनच परमुलखात मला कधी पोरके वाटले नाही.

तिकिटांच्या पैशांवर वर्ग पुन्हा सुरू झाला आहे. तुमचे कापड धुऊन, कांजी करून ठेवले आहे. मुलगा आधी ते परत द्यायलाच तयार नव्हता. आता तयार आहे, पण तुमच्या डोक्याला ते स्वतःच्या हाताने बांधू द्यावे, एवढी त्याची अट आहे. शनिवारी त्याला घेऊन येते.

तुमची ऋणी,
वर्गातील एका मुलीची आई