आधी कोण आलं?

प्रिय मॅडम,

तुमच्या भूशास्त्राच्या पुस्तिकेच्या बाराही आकृत्या देऊन झाल्या, मानधनही तुम्ही वेळेवर दिलंत. हिशेब तिथे मिटला. पण माझ्याकडून एक देणं राहिलंय आणि ते चारचौघांसमोर सांगावंसं वाटतं, म्हणून हे पत्र.

तुमचं काम घेतलं तेव्हा आठ महिने माझं स्वतःचं एकही चित्र पुरं झालं नव्हतं. रोज इतरांची चित्रं बघायची, प्रदर्शनं पालथी घालायची, आणि कागदासमोर बसलं की जे उतरायचं ते आधी कुठेतरी पाहिलेलंच असायचं. तुमच्या आकृत्या म्हणजे डोकं न चालवता करायचं काम, असं मी धरून चालले होते. "फोटो पाठवा, त्यावरून काढते," असं म्हटलंही. तुम्ही म्हणालात, "फोटोवरून नको. येऊन बघ."

मग ती काचपट्टी. ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासलेला ग्रॅनाइटचा काप, इतका पातळ की दगडातून उजेड आरपार यावा. नुसत्या डोळ्यांना तो काचेवरचा मळकट डाग दिसत होता. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तुम्ही दुसरा पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा उजेड पुढे सोडणारी गाळणी, आत सरकवलात आणि अभ्रकाची पानं निळी-गुलाबी झाली, फेल्डस्पार या खनिजावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या उमटल्या. काचपट्टीखालची चकती फिरवली तसा क्वार्ट्झचा, म्हणजे गारेचा, करडा कण उजळला, मग पुरता विझला. एका फेऱ्यात चारदा. मी घाईघाईने रंगीत पेन्सिली काढल्या. मला वाटलं, इतके दिवस शोधत होते ते हेच.

तुम्ही रंगांकडे बघितलंही नाहीत. "रंग कापाच्या जाडीवर ठरतात, जाडी बदलली की तेही बदलतील. यात आधी कोण आलं, ते सांग."

मला प्रश्नच कळला नव्हता. तुम्ही शांतपणे समजावलंत: वितळलेला खडक निवत जातो तेव्हा सगळी खनिजं एकदम घट्ट होत नाहीत. जी आधी तयार होतात त्यांना जागा मोकळी असते, म्हणून त्यांच्या कडा सरळ, स्वतःच्या. मागून येणाऱ्याला उरलेल्या फटी मिळतात. मोकळ्या पोकळीत सहा बाजूंचा देखणा स्फटिक होणारा क्वार्ट्झ या कापात मात्र शेजाऱ्यांनी सोडलेल्या जागेचाच आकार घेऊन बसला होता. त्या दिवशी तास-दीड तास मी फक्त कडा बघितल्या.

घरी आल्यावर अर्धवट पडलेलं चित्र बाहेर काढलं. झाड, मुलगी, भिंत. तिघांनाही सारखीच ठसठशीत बाह्यरेषा आणि मागे नंतर भरलेलं आभाळ. जणू सगळे एकाच क्षणी तिथे येऊन उभे राहिले होते. मी ठरवलं, झाड आधी आलं. स्वतःची कड फक्त त्यालाच ठेवली. मुलीला फांद्यांमधली उरलेली जागा दिली, तर तिचा खांदा आपोआप झुकला, मान वळली. तशी मान मला सुचलीच नसती. आभाळ भरावं लागलं नाही. ते उरलं होतंच.

पुढे वाचताना एशर या डच चित्रकाराची हकिगत सापडली. १९३७ मध्ये त्याच्या सावत्र भावाने, जो लायडनला भूशास्त्राचा प्राध्यापक होता, त्याची चित्रं बघून स्फटिकशास्त्राचे लेख सुचवले. त्यांत पोल्या या गणितज्ञाचा १९२४ चा लेख होता, सपाट पृष्ठभाग नक्षीने भरण्याच्या १७ प्रकारच्या सममितींचा. त्यातलं गणित एशरच्या आवाक्यातलं नव्हतं, पण आकृत्या त्याने वहीत उतरवून घेतल्या. त्यालाही हात दिला तो भूशास्त्रज्ञानेच, हे वाचून किती आनंद झाला म्हणून सांगू!

"चित्रकाराने चित्रं बघत राहावं," असं मी माझ्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं सांगत आले. अजूनही सांगते. पण आता त्यांना दुसऱ्या विषयाच्या माणसाजवळ बसायलाही लावते आणि तो काय विचारतो ते लिहून आणायला सांगते.

त्या झाड-मुलीच्या चित्रापासून सुरू झालेली चित्रमालिका आता नवव्या चित्रावर आहे. मंगळवारी पहिली चार घेऊन येते. कुठे क्रम चुकलाय ते तुम्ही सांगालच. आणि तेवढी ती गॅब्रो या काळपट खडकाची काचपट्टी काढून ठेवा, मागच्या वेळी बघायची राहिली.

तुमची,
आकृत्या काढणारी