शेजारच्या घराची उंची ठरवताना एकदा शेजारी येऊन बघा : नगररचना मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार. विषय तसा छोटा वाटेल तुम्हाला, एका घराची उंची. पण ज्याच्या खिडकीसमोर ते घर उभं राहतं त्याला विचारा किती छोटाय ते.

परवानगीच्या फाइलीत उंची म्हणजे एक आकडा असतो, मर्यादा ९ मीटर, प्रस्ताव ८.९५ मीटर, बसतंय, सही. आता हा आकडा मोजला कुठून ते कोण विचारतं? उताराचा प्लॉट घ्या, वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत ३ मीटरचा सरळ उतार. जमिनीची सरासरी पातळी धरून ९ मीटर मोजले तर वरच्या बाजूने घर साडेसातच मीटर दिसतं आणि खालच्या शेजाऱ्यासमोर साडेदहा मीटरची भिंत उभी राहते, म्हणजे त्याच्या वाट्याला अर्धा मजला फुकटात जास्तीचा, आणि कागदावर सगळं नियमात! त्यात आधी भराव टाकून जमीन उचलली आणि मग त्या नव्या जमिनीपासून मोजलं तर विचारूच नका. म्हणून पहिली मागणी हीच की उंची मूळ जमिनीपासून मोजा, भराव टाकायच्या आधीच्या, आणि त्या मूळ पातळ्या नकाशावर ठळक लिहायला लावा.

गच्चीचं तर वेगळंच प्रकरण. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, लिफ्टची मशिन रूम, हे बऱ्याच ठिकाणी उंचीत धरतच नाहीत. ठीक आहे, टाकी कुठंतरी ठेवावीच लागणार. पण सावली पडताना ती काय सूट देत नाही ना. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असला की सावली उंचीएवढी पडते, ३० अंशांवर आला की जवळजवळ पावणेदोन पट. हिवाळ्यात, जेव्हा ऊन खरंच हवं असतं, तेव्हाच सूर्य खाली असतो. त्यामुळे सावलीचा नकाशा भर उन्हाळ्यातल्या दुपारचा जोडलेला दिसला तर सरळ परत पाठवा असं तुमच्या अधिकाऱ्यांना सांगा.

आता दृश्याबद्दल. मला माहितीये की समोरचा देखावा हा कुणाच्या मालकीचा नसतो. इंग्लंडमध्ये १६१० सालच्या ऑल्ड्रेडच्या खटल्यातच म्हटलंय की उजेड-हवा ही गरज आहे, देखावा ही फक्त आनंदाची गोष्ट. आणि ते मला पटतंही, नाहीतर जो आधी बांधेल तो कायमचा राजा आणि मागून येणाऱ्याने बसकं घर बांधून गप्प बसायचं. पण हक्क नाही म्हणून विचारच करायचा नाही हे कुठलं लॉजिक?

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या जमीन आणि पर्यावरण कोर्टाने २००४ मध्ये टेनॅसिटी नावाच्या केसमध्ये, शेजाऱ्याचं दृश्य अडतंय तेव्हा निर्णय कसा करायचा याच्या चार पायऱ्या घालून दिल्यात. दिसतंय काय, पाणी की नुसती झाडं, पूर्ण की अर्धवट. दिसतंय कुठून, बाजूच्या हद्दीवरून की पुढच्या-मागच्या, उभं राहून की बसून. नुकसान किती, आणि ते बैठकीच्या खोलीतून की बेडरूममधून. आणि शेवटी प्रस्ताव वाजवी आहे का. यातली चौथी पायरी मला सगळ्यात आवडते, कारण तिथं दोन गोष्टी म्हटल्यात : घर उंचीचा नियम मोडत असेल तर मध्यम नुकसानही अवाजवी ठरू शकतं, आणि नियमात असेल तरी विचारायचं की जरा हुशारीने डिझाइन केलं तर मालकाला तेवढीच जागा मिळून शेजाऱ्याचं कमी नुकसान झालं असतं का. बरं हे शेजाऱ्यालाही झुकतं माप देत नाही, बाजूच्या हद्दीवरून सोफ्यावर बसून दिसणारं दृश्य टिकेल ही अपेक्षा बहुतेक वेळा अवास्तव आहे असं तिथं स्पष्ट म्हटलंय.

आमच्या हरकतींचं काय होतं तर 'हरकतीची नोंद घेण्यात आली'. संपलं. पन्नास जणांनी एकच मजकूर सह्या करून दिला म्हणून तो जड होत नाही हे मान्य, काही हरकती तर दृश्याच्या नावाखाली जुन्या भांडणाच्याच असतात. पण एकट्याने दिलेली नेमकी हरकत, की माझ्या स्वयंपाकघराच्या एकुलत्या एक खिडकीचा उजेड जातोय, तिला नेमकंच उत्तर पाहिजे, आणि ते उत्तर त्या स्वयंपाकघरात एकदा उभं राहिल्याशिवाय देता येत नाही. साइट व्हिजिट म्हणजे फक्त अर्जदाराच्या प्लॉटवर जाऊन फोटो काढणं नव्हे.

आणि दुसरी मोठी मागणी, जिला फारसा खर्चही नाही. स्वित्झर्लंडमध्ये बांधकाम परवानगी मागताना प्लॉटवर काठ्या उभ्या करून होणाऱ्या इमारतीचा आकार दाखवायची पद्धत आहे. कोपरा कुठं, छप्पर किती उंच, कुणालाही रस्त्यावरून दिसतं. सेक्शन (इमारतीचा उभा छेद) आणि एलिव्हेशन (समोरून दिसणारी बाजू) असले नकाशे वाचता येणारे किती लोक असतात हो? काठी सगळ्यांना वाचता येते. निम्म्या हरकती तर ती बघूनच गळून पडतील, कारण लोक मनात धरतात त्यापेक्षा घर बरेचदा लहानच निघतं, आणि ज्या उरतील त्या खऱ्या असतील.

तेव्हा उंचीच्या मर्यादेजवळ जाणाऱ्या किंवा ती ओलांडणाऱ्या प्रत्येक घरासाठी हरकतींची मुदत संपेपर्यंत जागेवर काठ्या उभ्या ठेवणं सक्तीचं करा, खर्च अर्जदाराचा, आणि उंची बरोबर लावलीये याचा सर्व्हेअरचा दाखला फाइलीत. आदेश तुमच्या सहीने निघू शकत असेल तर उत्तम, नियमच बदलावा लागणार असेल तर त्याचा मसुदा आधी आम्हालाही वाचायला द्या.

कळावे,
आपला,
खालच्या प्लॉटवरचा एक शेजारी